हजेरी

दुर्गहून राजनांदगावच्या दिशेने जाणाऱ्या गाडीला रसमडा हे लहानसे स्थानक लागते. हाच लोहमार्ग पुढे नागपूरवरून मुंबईस जातो. स्थानकाभोवती कारखान्यांची वसाहत आहे, आणि दुर्गच्या पूर्वेस भिलाईचा पोलाद कारखाना. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी सकाळी त्या कारखान्याच्या कोक भट्ट्यांच्या ११ क्रमांकाच्या संकुलाजवळ, दुरुस्तीचे काम चालू असता, वायुवाहिनीने पेट घेतला. मृतांत ऊर्जा व्यवस्थापन विभागातील कामगारांबरोबर अग्निशमन सेवेचे जवानही होते. कोक भट्टीच्या वायूत हायड्रोजन व मिथेन यांचा अंश मोठा असतो. तो पेटला म्हणजे माणसाला पाऊल मागे घेण्याइतकाही अवधी मिळत नाही.

अशा मृत्यूनंतर दलात मागे उरलेल्यांचे काय होते, हा प्रश्न वाङ्मयात क्वचितच विचारला गेला आहे. ज्यूल्स व गेदेऑन नॉदे या फ्रेंच बंधूंच्या २००२ मधील अनुबोधपटात मात्र तो सहजगत्या उभा राहिला. एका उमेदवार जवानाचे शिक्षण चित्रित करावे, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण मृत्यू पावले. ज्या ठाण्यात हे चित्रण चालले होते, तेथील सर्व जण मात्र परतले. धुळीने माखलेले ते एकेक करून दारात येतात, एकमेकांना कवटाळतात, आणि अजून कोण यायचे आहे ते मोजू लागतात. तो उमेदवार फार उशिरा येतो. त्या ठाण्याशी संबंधित अधिकारी जोसेफ फायफर यांचा भाऊ केव्हिन हाही त्याच दलात होता. मनोऱ्याच्या तळमजल्यावर दोघांची क्षणभर भेट झाली. भाऊ वर गेला, तो परतला नाही. या पटातील शोक फारसा बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तेच हात ढिगारा उपसू लागतात. जिवंत राहिल्याचा संकोच श्रमात बुडविण्याची ही रीत आहे. तिने दुःख सरते असे नाही, पण ते एकट्याचे राहत नाही.

मुंबईस हे दुःख अधिक जुने आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटके. आग विझविणाऱ्यांपैकी ६६ जण त्या स्फोटांत गेले.  तेथे स्मरणाचे काम तिथीने पत्करले. १४ एप्रिल हा दिवस आजही देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

मराठीत पाणी तापविण्याच्या घरगुती भांड्याला बंब म्हणतात, आणि आग विझविणाऱ्या गाडीलाही बंबच. एकाच्या पोटात विस्तव, दुसऱ्याच्या पोटात पाणी, शब्द एकच. बंबवाल्यांचे आयुष्यही असेच दुहेरी असते. बहुतेक दिवस वाट पाहण्याचे, पत्त्यांचे, एकत्र जेवणाचे. आणि मग अकस्मात एखादा दिवस भिलाईसारखा. त्या सामाईक रिकामपणातच परस्परांवरचा भरवसा मुरतो. म्हणून दुर्घटनेनंतर सर्वांत कठीण ठरते ती दुसऱ्या दिवसाची हजेरी. एक नाव वगळून पुढचे नाव घ्यावयाचे असते, आणि पुढच्याने आवाज न कापता ‘हजर’ म्हणावयाचे असते.