चालायचे पैसे

चालायला मला अकराव्या महिन्यात आलं, असं माझी आई सांगत असे. त्या वेळी कुणी माझ्याकडून फी घेतली नव्हती, डॉक्टरांचा दाखला मागितला नव्हता, की 'सोबत काय आणावे' अशी छापील यादी हातात ठेवली नव्हती. एकसष्टाव्या वर्षी मात्र हे सगळं रीतसर झालं. पाच दिवस समुद्राच्या काठानं चालायचं, त्यासाठी तीन महिने तयारी करायची, आणि एवढं करून पैसेही आपणच भरायचे, असा एकंदर व्यवहार होता. बँकेत चौतीस वर्षं काढल्यामुळे तो कुठल्याच खात्यात बसत नाही हे मला कळत होतं. तरी मी पैसे भरले.

पत्रकात मार्ग दिला होता. वेळासला सुरुवात, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, कोळथरे आणि शेवटी दाभोळ. रोज बारा ते पंधरा किलोमीटर. वाटेत पुळणी, खडपं, खाड्या आणि कातळाचे सडे. 'मार्गदर्शक बरोबर असेल. पाठीवरचे सामान ज्याचे त्याने वाहावे.'

ह्यांनी पत्रक दोनदा वाचलं. सरकारी नोकरीतला माणूस कुठलाही कागद दोनदाच वाचतो. पहिल्यांदा सही कुठे करायची ते बघायला, आणि दुसऱ्यांदा ती कशी टाळायची ते बघायला.

"वेळासहून दाभोळला एस.टी. नाही का?" त्यांनी विचारलं.

"दापोलीला बदलावी लागेल."

"मग?"

ह्या 'मग?'ला उत्तर नसतं. ज्याला ते सुचत नाही तो चालायला जातो आणि ज्याला सुचतं तो घरी राहून यादी करतो. ह्यांनी त्याच संध्याकाळी यादी करायला घेतली.

खरी पंचाईत सासूबाईंना सांगायची होती. त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. माहेर कोळथऱ्याचं. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगो, पण पैसे कसले?"

"चालायचे."

"चालायचे पैसे?"

त्यांच्या लहानपणी मुंबईला यायचं म्हणजे दाभोळला बोट धरायची. कोळथऱ्याहून पहाटे कंदील घेऊन निघायचं, डोक्यावर फणसपोळ्यांचं गाठोडं घ्यायचं, डोंगर ओलांडून बंदर गाठायचं आणि पडावातून बोटीवर चढायचं. "मग त्या हिशेबानं माझे किती झाले असतील गो?" त्यांनी विचारलं. मी सवयीनं चक्रवाढ व्याजासकट आकडा सांगितला. त्यानंतर दोन दिवस त्या ह्यांच्याकडे, कुणीतरी आपली ठेव बुडवल्यासारखं बघत होत्या.

पण तारखा ऐकल्यावर त्यांचा नूर पालटला. त्यांनी कालनिर्णय मागवलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाल्या, "तृतीयेला निघता आणि सप्तमीला पोचता. तुमचा तो वाटाड्या शहाणा दिसतो."

मार्गदर्शकाच्या शहाणपणाचा पंचांगाशी काय संबंध, हे मला त्या दिवशी कळलं. कोकणात भरतीची वेळ काढायची रीत अशी : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, आणि रोज हे सगळं पाऊण तासानं पुढे सरकतं. वद्य पक्षात पुन्हा एकपासून सुरुवात. म्हणजे तृतीयेला सकाळी सव्वाआठला ओहोटी, चतुर्थीला नऊला, आणि सप्तमीला सव्वाअकराला. पाचही दिवस उन्हं चढायच्या आत ओल्या, घट्ट वाळूवरून चालायला मिळणार. भरती असली की हीच पुळण पाण्याखाली जाते, उरते ती कोरडी वाळू, आणि तिच्यात दोन पावलं पुढे टाकली की एक मागे येतं. खडपांच्या टोकाला तर वाटच बुडते आणि वळसा घेऊन सड्यावर चढावं लागतं.

ह्यांनी मोबाइलवर पडताळून पाहिलं. मोबाइल आणि सासूबाई यांच्यात पाऊण तासापेक्षा जास्त फरक कधी पडला नाही. जो पडला तो मोबाइलचा, असं सासूबाईंचं मत आहे.

आता अर्ज. नाव, वय, वजन, रक्तगट, रक्तदाब, साखर, गुडघे अशा चढत्या भाजणीत तो होता. साठीपुढच्यांना डॉक्टरांचा दाखला हवा, आणि शिवाय एक चाचणी : पाठीवर सहा किलो वजन घेऊन बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत जायचं आणि परत यायचं. भरलेला अर्ज त्याच दिवशी द्यायचा. ह्या सगळ्याला माझी तयारी होती. पण अगदी शेवटी, सहीच्या वर, एक साधासा प्रश्न होता : 'थकवा आल्यास वेळेवर सांगाल का? होय / नाही.'

मी बाकीचा अर्ज अर्ध्या तासात भरला. हा चौकोन रिकामा राहिला.

डॉक्टरांनी गुडघे वाजवून पाहिले आणि म्हणाले, "गुडघ्याचा भार मांडीनं घ्यायला हवा. मांडीचे स्नायू बळकट करा. खुर्चीत बसायचं आणि हात न टेकता उठायचं, रोज पंधरा वेळा." मी घरी येऊन हे सांगितल्यावर हे म्हणाले, "तू ते करतेसच की!" आणि खरंच होतं ते. जेवताना मीठ, लोणचं, ताक, कुणाला तरी हवी असलेली आणखी अर्धी पोळी, असं धरून मी एका जेवणात दहाबारा वेळा उठते. दोन्ही वेळचं मिळून डॉक्टरांच्या दीडपट व्यायाम लग्न झाल्यापासून चालू होता. फक्त त्याला नाव नव्हतं.

बुटांच्या दुकानातला मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा असावा. पण त्याचं ज्ञान आजोबांचं होतं. चालून चालून पाऊल सुजतं, म्हणून अर्धा नंबर मोठा घ्यायचा. उतारावर बोटं पुढे आपटता कामा नयेत. नवा बूट कधीही थेट मोहिमेवर न्यायचा नाही. आधी महिनाभर वापरून पायाशी ओळख करून द्यायची. खाडीत उतरायला पट्ट्यांच्या सँडल वेगळ्या. किंमत ऐकून मी त्या बुटांना मनातल्या मनात नमस्कारच केला.

ओळख करून द्यायची म्हणून मी ते घरात घालू लागले. बूट घालून स्वयंपाकघरात? हे दाराशी उभे राहून आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. सासूबाईंनी निकाल दिला : "रस्त्याला लागले नाहीत तोवर ते बूट नव्हेत. मोजेच म्हणायचे ते." कायद्यातल्या पळवाटा मी बँकेत पुष्कळ पाहिल्या आहेत. इतकी सुबक पाहिली नव्हती.

मग वजन. सॅकमध्ये पाच किलो तांदूळ आणि एक किलो तूरडाळ भरून मी रोज आमच्या इमारतीचे पाच मजले तीनदा चढू-उतरू लागले. पहिल्या दिवशी समोरच्या वहिनींनी विचारलं, "लिफ्ट बंद आहे का हो?" दुसऱ्या दिवशी विचारलं, "भांडण झालं का?" तिसऱ्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा जिन्यातच थांबले आणि म्हणाले, "आमच्याकडे दोन किलो बासमती टाकाल का?" सरावात खंड पडला नाही, पण सॅक मात्र दिवसेंदिवस हलकी होत गेली. घरातले तांदूळ संपले की हे सॅकमधून वाटीभर काढत आणि मला सांगायला विसरत. तिसऱ्या आठवड्यात मला वाटलं, अंगात भलतीच ताकद आली. उघडून पाहिलं तर नुसती डाळ.

पार्ल्याहून जुहूची चौपाटी जवळ. पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणून पहाटे पाचच्या सुमाराला ओहोटी, असा हिशेब करून मी उजाडता उजाडता जाऊ लागले. वाळूनं मला एक गोष्ट शिकवली. पुळण सपाट दिसते, पण ती समुद्राकडे कललेली असते. एकाच दिशेनं तासभर चाललं की एक पाय आखूड असल्यासारखं वाटायला लागतं. परत येताना दुसरा आखूड होतो आणि हिशेब मिटतो. पण आम्ही तर पाच दिवस उत्तरेकडून दक्षिणेकडेच जाणार. म्हणजे उजवा पाय सतत खालच्या अंगाला. मार्गदर्शकाला विचारलं तर म्हणाला, "काकू, मधूनमधून पाण्याच्या अगदी कडेनं चाला. तिथं उतार कमी असतो."

हे सगळं जमत होतं. जमत नव्हता तो चौकोन.

मी लोकल पकडत पकडत चौतीस वर्षं नोकरी केली, दोन मुलं वाढवली, सासऱ्यांचं आजारपण काढलं. ह्या सबंध काळात मी 'दमले' असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. दमले नाही असं नव्हे. म्हणायला वेळ नव्हता, आणि म्हटलं तरी पुढे काय करायचं हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे ठाऊक होतं? बूट महिन्यात सैलावतात, ही जीभ सैलावायला किती दिवस लागतील?

सराव म्हणून एका संध्याकाळी मी मोठ्यानं म्हटलं, "मी दमले आहे."

ह्यांनी रक्तदाबाचं यंत्र आणलं. बंगळूरच्या मुलाला फोन लावला. त्यानं विचारलं, डावा हात दुखतोय का. समोरच्या वहिनी लिंबाचं सरबत घेऊन आल्या. अर्ध्या तासानं सगळ्यांची खात्री पटली की मला काही झालेलं नाही, आणि मग मीच सगळ्यांना चहा केला.

सासूबाई कॉटवरून हे सगळं बघत होत्या. लोक गेल्यावर म्हणाल्या, "आम्ही दाभोळला जायचो ना, तर दर वडाखाली बसायचो. शहाळं प्यायचो, पाय चेपायचो. न बसता चालायला आम्ही काय टपालाची पिशवी होतो?"

मी पेन घेतलं आणि 'होय'वर खूण केली.

चाचणीच्या आदल्या रात्री मात्र झोप लागेना. आमच्या वाटेवर मुरूड लागतं. धोंडो केशव कर्वे ह्यांचं हे गाव. १८७५ साली, सतरा वर्षांच्या वयात, एका परीक्षेसाठी ते भर पावसाळ्यात डोंगर ओलांडून साताऱ्याला चालत गेले. अंतर शंभर मैलांहून जास्त. आणि तिथे पोचल्यावर, वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. माझी काळजी नेमकी उलटी होती. आपण सगळं चालून दाखवायचं आणि तो पोरगा म्हणायचा, काकू, वय मोठं दिसतं. पण त्या साताऱ्याहून परत पाठवलेल्या मुलानं १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं, आणि मी त्याच विद्यापीठाची पदवीधर आहे. एकशेचार वर्षं जगलेल्या ह्या माणसाचं वय कुणाला चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही, एवढाच ह्यातला बोध मी घेतला आणि कूस बदलली.

कान्हेरीच्या चढावर, शेवटच्या वळणाआधी, मला खरोखरच धाप लागली. पुढे दहाबारा माणसं चालत होती. मी थांबले आणि म्हटलं, "मी दमलेय. पाच मिनिटं बसते." कुणी यंत्र आणलं नाही. मार्गदर्शकानं हात वर केला आणि सगळे बसले. माझ्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ बसले होते, दोन्ही हातांत महागाच्या काठ्या. ते हळूच म्हणाले, "बरं झालं तुम्ही म्हणालात." खाली आल्यावर मार्गदर्शकानं माझा अर्ज घेतला, शेवटचा चौकोन पाहिला आणि बाकीचं न वाचताच घडी घालून खिशात ठेवला.

निघायच्या आदल्या दिवशी सॅक वजनकाट्यावर ठेवली. ह्यांच्या यादीत त्रेचाळीस वस्तू होत्या आणि वजन भरलं साडेनऊ किलो. छत्री काढली, स्टीलचा डबा काढला, दुसरा टॉवेल काढला, ह्यांनी गुपचूप घातलेली कुलूपकिल्ली काढली. काटा सहा किलोवर आला.

सासूबाईंनी हाक मारली. "कोळथऱ्याला मुक्काम आहे ना तुमचा? रात्री जेवणं झाली की आगरात जाऊन घटकाभर उभी राहा. माडांतून समुद्र ऐकू येतो का बघ. आम्हाला निजल्या जागी ऐकू यायचा."

"तुम्हाला फोन लावून ऐकवू का?"

"फोनात काय ऐकायचं? तू ऐक. येऊन सांग."

मी यादी काढली आणि तळाशी लिहिलं : ४४. समुद्र ऐकणे. सगळ्या यादीत वजन नसलेली तेवढी एकच वस्तू होती.