वरात कुठल्या घरी?

चीनमधल्या परागंदा रशियनांवरची एक ऐतिहासिक प्रेमकथा यंदा उन्हाळ्यात आटपाडीत वाचली. बाहेर माणदेशी फुफाटा, पुस्तकात हार्बिनचं बर्फ. हे चिनी शहर १८९८ पासून रशियनांनीच रेल्वेसाठी उभं केलं. क्रांतीनंतर पळालेल्यांनी ते भरून गेलं. कुणी पुढं शांघायला जाऊन बेकरी काढली, कुणी नाचघरात पोटाला लागलं.

दोघांचं जमतंय का, यावर लेखिका पानंच्या पानं झुरते. मला मात्र आपली गावाकडची चिंता: लग्न करून हा पोरगा नवरी नेणार कुठल्या घरी? देश सोडून गेलेल्यांचं नागरिकत्व १९२१ च्या सोव्हिएत फर्मानानं काढून घेतलेलं. आणि हार्बिनमधून जे मायदेशी परतले, त्यांतल्या हजारोंना १९३७ मध्ये जपानचे हेर ठरवून धरलं.

घर सोडणं आम्हाला नवं नाही. आटपाडी-खानापूरची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. पोरांची शाळा तिकडं, बोलण्यात तिकडची भाषा. पण सोयरीक इकडची, अन् जत्रेला गाड्या गावात. दुष्काळानं माणसं हाकलली, सातबाऱ्यावरची नावं राहिली.

इथून जवळच स्वतंत्रपूर. औंध संस्थानानं १९३९ मध्ये इथं खुला तुरुंग काढला, त्यामागं मॉरिस फ्रीडमन हा पोलंडचा इंजिनिअर. ‘दो आँखें बारह हाथ’ हा सिनेमा त्यावरूनच सुचला. लिहिला आमच्या माडगूळच्या गदिमांनी. तिथं जन्मठेपेचा कैदी बायकापोरांसह राहायचा. खुन्याला घर, अन् हार्बिनच्या निरपराध्याला नाही!

फ्रीडमन आपणहून आला. त्याचे देशबांधव नाइलाजानं आले. सोव्हिएत सत्तेनं सायबेरियात नेऊन टाकलेले सुमारे पाच हजार पोलिश, बहुतेक बायका-मुलं, इराणमार्गे कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले आणि १९४३ ते १९४८ तिथं राहिले. युद्ध संपलं तेव्हा पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे गेलेला. कित्येकांचं गाव तिथंच राहिलं, देश तेवढा सरकला. काही पांगले इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलियाला. एखाददुसरी इथल्याच घरात सून म्हणून राहिली.

तिची कादंबरी मला हवी. त्यात प्रेम कसं जमलं हे दोन पानांत उरकलं तरी चालेल. स्वयंपाकघरातल्या पहिल्या दिवशी सासूनं तिला काय म्हणून हाक मारली, अन् भाकरी थापताना दोघी कुठल्या भाषेत भांडल्या, ते सविस्तर हवं.