सहा मीटर जास्तीची वायर

घरच्यांच्या मते इंजिनीअर म्हणजे घरात बिघडलेलं काहीही दुरुस्त करणारा माणूस. मग तुम्ही सिव्हिलचे असा नाहीतर आयटीचे! मिक्सर, इन्व्हर्टर, आजोबांचा रेडिओ... सुट्टीत घरी गेलेल्या प्रत्येक होस्टेलाइटने हे सोसलेलं असणार. यंदा गणपतीत माझ्या वाट्याला आला काकांचा फिशफाइंडर.

काकांची बोट रत्नागिरीत मिरकरवाड्याला असते. नव्या फिशफाइंडरच्या ट्रान्सड्यूसरला १० मीटर केबल होती. बोटीच्या तळापासून केबिनपर्यंत ४ मीटर पुरते. उरलेल्या ६ मीटरचं वेटोळं करून बसवणाऱ्याने ते इंजिनाशेजारी, बॅटरीच्या वायरींमध्ये कोंबलं होतं. इंजिन चालू केलं की पडद्यावर ठिपकेच ठिपके! तांडेल मासळी समजून जाळं टाकायचा आणि ते रिकामंच वर यायचं. डिझेल फुकट, खलाशांची मेहनत फुकट. "जास्तीची वायर काप आणि जोडून दे गो. इंजिनीअर ना तू?" काकांनी पक्कड हातात दिली.

मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, केबल कापू नका. पण 'का' ते लिहिलं नव्हतं. आणि 'का' सांगितल्याशिवाय काका ऐकणार नव्हते.

ट्रान्सड्यूसरमध्ये पिझोइलेक्ट्रिक सिरॅमिकची चकती असते. व्होल्टेज दिलं की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. परत आलेल्या आवाजाने थरथरली की स्वतःच व्होल्टेज देते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांमध्ये शोधला. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे २० वाव (सुमारे ३६ मीटर) खोल तळाला आपटून परत यायला ४८ मिलिसेकंद लागतात. गंमत अशी की जाताना त्या केबलमधून शेकडो व्होल्ट जातात आणि येताना येतात जेमतेम मायक्रोव्होल्ट. एवढी कुजबुज इंजिनाच्या गोंगाटात बुडू नये म्हणून आतल्या वायरींना पीळ असतो आणि त्यांच्यावर तांब्याच्या तारांची जाळी असते.

मी कॉन्व्हेंटची. 'शील्डिंग'ला मराठीत काय म्हणायचं हे ना शाळेत शिकले, ना इथे. मी आपलं "वरची जाळी" म्हटलं. काका लगेच म्हणाले, "म्हणजे जाळं फाटलं की मासा जातो, तसंच ना?" अगदी तसंच! कापून टेप गुंडाळलेला जोड म्हणजे फाटकं जाळं. त्यात खारं पाणी शिरलं की तांबं हिरवं पडणार आणि ती मायक्रोव्होल्टची कुजबुज तिथेच गळून जाणार.

मग आम्ही पक्कड बाजूला ठेवून तपासायला लागलो. बोट जेटीला उभी होती, म्हणजे पंख्याच्या बुडबुड्यांचा प्रश्न नाही. इंजिन बंद केलं, ठिपके गेले. चालू केलं, आले. फिशफाइंडरला वेगळ्या बॅटरीवर घेतलं, तरी आले. शेवटी वेटोळं सोडवून केबल अल्टरनेटरपासून लांब धरली आणि पडदा जवळजवळ स्वच्छ झाला! म्हणजे वायर लांब असण्यात दोष नव्हता, ती जिथे पडली होती त्या जागेत होता.

उत्सुकतेपोटी हिशेबही केला. अशा केबलची कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड धरली, तर ६ मीटरचे ६०० होतात. चकतीचे स्वतःचेच काही हजार. म्हणजे ६ मीटर कमी करून मिळकत जवळपास शून्य आणि एक कच्चा जोड कायमचा पदरात.

केबल आम्ही केबिनच्या छताखाली सैल, आठच्या आकड्यासारखी फिरवून बांधली. बॅटरीच्या आणि वायरलेसच्या वायरींपासून दूर. कधी कापावीच लागली तर काय करायचं, तेही काकांना लिहून दिलं. जोड केबिनमध्ये कोरड्या जागी घ्यायचा, रंगाला रंग सोल्डर करायचा, जाळीला जाळी जोडायची, वर गोंदवाली हीटश्रिंक नळी आणि सगळं धातूच्या डबीत. प्लग भोकातून जात नसेल, तर केबल कापण्यापेक्षा भोक मोठं करावं. लाकूड परत बुजवता येतं.

तांडेलाने दुसऱ्या दिवशी फोनवर एवढंच सांगितलं, "आता तळ दिसतो." माझ्या मते हा कुठल्याही सबमिशनवरच्या सहीपेक्षा मोठा रिमार्क आहे.

तेव्हा मित्रांनो, ओरलला एक्स्टर्नलने शील्डिंग विचारलं तर पाठ केलेली व्याख्या खुशाल सांगा. पण तीच गोष्ट, डिझेलचे पैसे खिशातून भरणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत पटवून बघा. खरी ओरल तिथे असते आणि तिथे केटीची सोय नसते!