वाईचे तीन दिवस

महाबळेश्वरीं हवा खावयास जाणारी मंडळी वाईस बहुधा चहापुरतीच थांबते. पसरणीचा घाट समोर दिसूं लागला, कीं खालच्या कृष्णातीराचें तिला भान राहत नाहीं. आम्हीं मात्र गेल्या माघांत सहकुटुंब तीन दिवस वाईसच मुक्काम केला.

पहिल्या दिवशीं गणपतीच्या घाटावर गेलों. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं सन १७६२ मध्यें हें देऊळ बांधलें. आंतील मूर्ति एवढी भव्य, कीं लोक तिला ‘ढोल्या गणपति’ म्हणतात. दर्शन झाल्यावर देवळाच्या पाठीमागें अवश्य जावें. तेथील भिंत माशाच्या आकाराची, निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर आदळला म्हणजे दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातो. नदीस वाट द्यावयाची व आपणही ढळावयाचें नाहीं, ही विद्या त्या कारागिरांस अवगत होती.

दुसऱ्या दिवशीं कोसभर अंतरावरील मेणवलीस गेलों. नाना फडणिसांचा वाडा व अर्धचंद्राकृति घाट पाहून मेणवलेश्वराजवळील घंटेपाशीं आलों. सन १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या वेळच्या लुटींतील ही घंटा. तिच्यावर १७०७ हें साल व बाळ घेतलेली एक स्त्री कोरलेली आहे.

“अहो, ही यशोदा का?” आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें.

“नव्हे, ख्रिस्ताची आई मेरी.”

“असो. आईच ना!” असें म्हणून त्यांनीं हात जोडले.

तिसरा दिवस आम्हीं मुद्दाम राखून ठेविला होता. मॅट्रिक झाल्यावर वाईच्या प्राज्ञपाठशाळेंत शास्त्राध्ययन करावें, असा आमचा मनोदय होता. परंतु त्याच वर्षीं वडील निवर्तले, धाकट्या भावंडांचा भार अंगावर आला, व गांवीं मास्तरकी पत्करावी लागली. जें थोडें संस्कृत पदरीं पडलें, तें रात्रीं एका वृद्ध शास्त्रीबोवांपाशीं बसून.

नारायणशास्त्री मराठे यांच्या या पाठशाळेंत विनोबांनीं अध्ययन केलें; तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) येथेंच घडले. न्याय-वेदान्तांत मुरलेल्या या पंडितानेंच पुढें मराठी विश्वकोशाचें प्रमुख संपादकत्व स्वीकारलें, व सन १९७६ मध्यें पहिला खंड प्रसिद्ध झाला. रसायन, यंत्रविद्या, वैद्यक इत्यादि साऱ्या जगाची विद्या या तालुक्याच्या गांवीं बसून मराठींत आणण्यांत आली.

पाठशाळेपाशीं उभे असतां जुना सल बोचला, हें नाकारीत नाहीं. परंतु लगेच आमच्या शाळेचें कपाट आठवलें. मुलांनीं शंका विचारावी व आम्हीं विश्वकोशाचा खंड काढावा, असा क्रम कित्येक वर्षें चालला होता. आम्हांस वाईस येतां आलें नाहीं, तरी वाई आमच्या शाळेंत आली होती.

सौभाग्यवतींस हें सांगितलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “मग उंबऱ्याला नमस्कार करून या.”

तसें केलें. वाईस जाणारांनीं हा तिसरा दिवस चुकवूं नये.