जळकोटची बोलकी लेकरे

जळकोटला निघालो आहे असे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले, की तो हटकून म्हणतो, "हां, ते नळदुर्गाजवळचे!" ते जळकोट निराळे. ते तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. मी म्हणतो ते जळकोट उदगीरच्या पुढे, लातूर जिल्ह्याच्या कडेला. उदगीरहून एस. टी.ने पाऊण-एक तासाची वाट. तीच पुढे जांबवरून नांदेडकडे जाते. बालाघाटाचे उघडे माळ, मधूनमधून काळी राने, रानांत सोयाबीन आणि तूर, गोठ्यांतून तांबडीलाल कंधारी जनावरे. प्रवासवर्णनात घालायला किल्ला पाहिजे असेल तर उदगीरलाच उतरावे. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले ते तिथेच. जळकोटात पाहण्यापेक्षा ऐकण्याजोगे फार आहे, आणि त्यातले उत्तम ते तीन ते पाच वर्षांच्या मंडळींच्या तोंडून ऐकावे.

माझी धाकटी बहीण या गावात दिली आहे, त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे माझी एक खेप ठरलेली. पेशाने मी मराठीचा अधिव्याख्याता. वर्षभर तरुण मुलांना शुद्धलेखन सांगून कान किटलेले असतात. तेव्हा व्याकरणाचा गंध नसलेल्या वक्त्यांची संगत मला हवापालटासारखी मानवते.

पहिले भाषण बहुधा एस. टी.तच होते. गेल्या खेपेस पुढच्या बाकावर एक आजी आणि चारेक वर्षांचा नातू होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२पासून एस. टी.चा प्रवास फुकट झाला आहे. कंडक्टर म्हणाला, "आजी, आधार दावा." आजींनी पिशवीच्या तळातून कार्ड काढले आणि वर तोंडी पुरावाही जोडला, "रझाकाराच्या साली मी आईच्या अंगावर पेत होते बाबा, आता तुमीच हिशेब घाला." हिशेब चोख होता, रझाकारांचे साल म्हणजे १९४८. या भागात म्हाताऱ्या माणसांची जन्मपत्रिका अशीच मांडतात. कंडक्टर कार्ड परत देणार, तोच नातू खणखणीत आवाजात म्हणाला, "आज्जी, तू तर काल मावशीला साठीची हाव म्हणलीस की!" सारी गाडी हसली. आजींनी पदर तोंडाला लावला. कंडक्टर मात्र जातिवंत सभ्य गृहस्थ. तो म्हणाला, "कार्डावर पंचाहत्तर, मावशीकडं साठ. दोनी बी खरं धरू," आणि पुढे सरकला.

त्या आजींच्या हिशेबात किती इतिहास आहे पाहा. पाळण्यात असताना त्या निजामाच्या राज्यात होत्या. १९५६ साली द्वैभाषिक मुंबईत आल्या, १९६० साली महाराष्ट्रात, १९८२ साली उस्मानाबादेतून फुटलेल्या लातूर जिल्ह्यात, आणि १९९९ साली जळकोट तालुक्याचे ठिकाण झाले तेव्हा तालुक्याच्या गावात. इतके पत्ते बदलले, उंबरा एकच! म्हणून या गावाच्या बोलीतही सगळे सरकार थोडेथोडे उरले आहे. बिदर एका हाताला, तेलंगण दुसऱ्या हाताला. बाजारात दखनी कानी पडते आणि तिच्यातला 'नक्को' ऐकून आपलाच पाहुणा टोपी घालून आल्यासारखे वाटते, कारण तो 'नको' मूळचा आपला.

इथली मोठी माणसे "मी काम केलो", "मी पाणी पिलो" असे सर्रास म्हणतात. पुण्याच्या कानाला ते चुकीचे लागते, आणि इकडची मुले पुण्यात शिकायला गेली की याच 'केलो'पायी वर्गात हसे होते. वास्तविक "मी आलो, मी बसलो, मी निजलो" म्हणायचे आणि काम आले की एकदम "मी केले" म्हणायचे, ही अडवणूक प्रमाण मराठीची. माझी साडेतीन वर्षांची भाची तर याहून पुढे गेलेली आहे. ती "केलं" म्हणतच नाही, "करलं" म्हणते, आणि "दिलं"ऐवजी "देलं". मी आनंदाने टिपून ठेवतो. हा उद्योग थोरामोठ्यांनीही केलेला आहे. डार्विनने आपल्या मुलाच्या बाळपणाची टिपणे १८७७ साली छापली. रशियात कोर्नेय चुकोव्स्की या लेखकाने दोन ते पाच वर्षांच्या मुलांचे बोल गोळा करून त्यांचा ग्रंथच केला. चालू नियम सगळीकडे सारखा लावायचा आणि अपवाद मानायचा नाही, हा मुलांचा बाणा जगभर एकच. इंग्रज पोरेसुद्धा 'गो'चा भूतकाळ 'गोड' करतात.

अपवाद न मानण्याचा हाच बाणा ती शिष्टाचारालाही लावतात, आणि तिथेच आईबापांची तारांबळ उडते. २०२२च्या एप्रिलात उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. मी बहीण-भाचरांसह गेलो. ऊन भाजून काढीत होते. एका सत्रात कविता चालल्या होत्या. ओळ वाचायची, थांबायचे, वर पाहायचे, तीच ओळ पुन्हा वाचायची, असा थाट. दाजींच्या खांद्यावरच्या थोरल्या भाच्याने, तेव्हा तो चार वर्षांचा होता, नेमक्या त्या थांबण्यात विचारले, "बाबा, ह्यांचं पाठ झालं नाई का?" पुढच्या दोन रांगा वळल्या. कवितेवरची इतकी थोडक्यात टीका मला वीस वर्षांच्या अध्यापनात साधलेली नाही.

वाचकहो, यात खोडसाळपणा अजिबात नसतो. विम्मर आणि पेर्नर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८३ साली मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवले, तो बाहेर गेल्यावर आईने ते दुसऱ्यात ठेवले. आता तो परत येऊन कुठे शोधील? तीन-साडेतीन वर्षांची मुले सांगतात, दुसऱ्या कपाटात! आपल्याला जे ठाऊक ते साऱ्या जगाला ठाऊक, असे त्यांना वाटते. मग घरातली गोष्ट बाहेर सांगू नये हे त्यांना कसे उमजावे? झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण त्यांच्या लेखी मूठ झाकलेलीच नसते.

वसुलीला आलेल्या माणसाला "बाबा म्हणलेत, घरी नाई म्हणून सांग" असे सांगणारे पोर विनोदात फार जुने आहे. तरी २०२४च्या सुगीत ते जळकोटला प्रत्यक्ष ऐकले तेव्हा मला हसू आले नाही. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि बाजारात त्याहून पुष्कळ कमीने माल जात होता. बी-खताची उधारी मागायला आलेल्या दुकानदारानेही ते ऐकले. पोराच्या हातावर खिशातली गोळी ठेवून तो म्हणाला, "बाबाला म्हणावं, मी आलोच नव्हतो." पोराने आत जाऊन तेही मोठ्याने सांगितले.

आसपास तांडे पुष्कळ. तिथली लेकरे घरात गोरमाटी बोलतात आणि अंगणवाडीत येऊन मराठीशी गाठ पडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला नि कोसबाडला शाळाच मुलांच्या अंगणात नेली. १९७५ साली सरकारची योजना आली आणि आता तांड्या-तांड्यावर अंगणवाडी दिसते. अशाच एका अंगणवाडीत पाहुणे बसलेले असताना एका चिमुरडीने बाईंना हाक मारली, "याडी!" याडी म्हणजे आई. कुणी म्हणाले, "बाई म्हण, बाई." अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. मराठी काय, येईलच."

शेवटची हकीकत बहिणीच्याच घरची, आणि ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला. बहिणीला विचारले. ती म्हणाली, "लिही दादा, फक्त नाव नको."

सोयाबीन काढायचे गुत्ते दिले होते. गुत्त्यातली एक बाई दुपारी घरी आली आणि ओसरीच्या पायरीवर टेकून तिने पाणी मागितले. सासूबाई आत होत्या. बहिणीने माठातून पाणी घेऊन हाताला आलेला पेला पुढे केला. भाची तिथेच खेळत होती. तिने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी आठवण दिली, "आई, तिचा गिलास त्यो हाय की! कोनाड्यातला!"

कोनाड्यात खरोखरच एक पेला होता, काठाला पोचा आलेला. मी इतक्या खेपा केल्या, पण त्याच्याकडे कधी पाहिले नव्हते. भाचीचा स्वर 'तुझी चप्पल ही, माझी ती' असा, साधा. त्या बाईने पाणी पिऊन पेला खाली ठेवला. बहिणीकडे न बघता ती म्हणाली, "लेकरू खरं बोललालंय, अक्का. त्याला मारू नका." आणि रानाकडे गेली.

भाचीला कुणी मारले नाही. तिला काय म्हणून रागवायचे? ती चुकीचे काही बोलली नव्हती, खोटे तर नाहीच. संध्याकाळी बहिणीने तो पेला काढला, घासला आणि घरच्या भांड्यांत मांडणीवर लावून टाकला. दाजी वर्तमानपत्रात डोके घालून बसले. सासूबाईंनी मांडणीकडे पाहिले आणि त्या देवघरात गेल्या. दोन दिवस घरात भांड्यांचाच तेवढा आवाज होता. मी पाहुणा; मला बोलण्याचा अधिकार नव्हता, आणि इतकी वर्षे त्याच माठाचे पाणी मी निवांत पीत आलो होतो.

तिसऱ्या दिवशी मजुरीचा हिशेब करायला ती बाई पुन्हा आली. उन्हातून आलेली, पायरीवर बसली. बहीण उठणार एवढ्यात आतून सासूबाईच पाणी घेऊन आल्या. पेला कुठला होता ते मला ओळखता आले नाही, मांडणीवरचे सगळे एकसारखे. भाचीने पेल्याकडे पाहिले, रिकाम्या कोनाड्याकडे पाहिले आणि तोंड उघडले. दाजींनी वर्तमानपत्र खाली केले. बहिणीने पोरीकडे एक पाऊल टाकले.

"आज्जी," भाची म्हणाली, "मला बी पानी."