दुसरीच्या वर्गाला कोरोना समजावताना

१ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरू लागले. माझी मुलं होती दुसरीची, पण वर्गात पहिल्यांदाच बसत होती. तोंडाला मास्क, खिशात सॅनिटायझरची बाटली. नियम सगळे पाठ, पण कारण कुणालाच माहीत नाही. "बाई, कोरोनाला दात असतात का?" एकीने विचारलं.

मी सांगितलं, त्याला दात नाहीत, पायही नाहीत. एका केसाच्या जाडीत शेकडो विषाणू शेजारी-शेजारी मावतील, इतका तो लहान. आपण बोलतो, खोकतो, शिंकतो तेव्हा बारीक थेंब उडतात, त्यांच्यासोबत तो जातो. साबण कशाला? तेलकट ताट नुसत्या पाण्याने निघतं का? विषाणूवरही चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फुटतं.

मग खिडक्या लावून फळ्याजवळ अगरबत्ती पेटवली. "वास आला की हात वर करा." आधी पुढच्या रांगेतले हात वर आले, मग मधले, शेवटी मागच्या भिंतीजवळचे. दार-खिडक्या उघडल्यावर वास हळूहळू कमी झाला. "म्हणून खिडक्या उघड्या ठेवायच्या!" हे मुलांनीच सांगितलं. एकाने विचारलं, "मास्क असून वास कसा आला?" वासाचे कण फारच लहान असतात, विषाणू नेणारे थेंब त्याहून मोठे, ते मास्क बरेचसे अडवतो.

मधल्या सुट्टीत एक मुलगा जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, आधी मला खोकला झाला, मग आजीला. आजी माझ्यामुळे गेली का?"

घरात कुणीतरी तसं बोललं असावं. मी त्याला शेजारी बसवलं. "अगरबत्तीचा वास मागच्या भिंतीपर्यंत कुणी नेला?"

"कुणीच नाही. हवेनं गेला."

"हा आजारही तसाच पसरतो रे. कित्येकांना तर आपल्या अंगात तो आहे हे कळतही नाही. तुझी काही चूक नाही."

तो गप्पच राहिला. पण त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण डबा संपवून हात धुवायला गेला.

शिक्षक मित्र-मैत्रिणींनो, सर्दी-ताप असो, फ्लू असो की गोवर, मुलांना काळजी घ्यायला जरूर शिकवू या. पण प्रत्येक वेळी हेही सांगू या की आजारी पडणं हा कुणाचा गुन्हा नसतो. हात धुण्याच्या सात पायऱ्या भिंतीवर चिकटवलेल्या असतात, हे मात्र आपल्यालाच बोलावं लागतं.