नमुना नोट आणि एक दुरुस्ती

१/ मागील वर्षी याच ठिकाणी मी हैदराबाद संस्थानच्या दहा रुपयांच्या एका नोटेचे छायाचित्र दिले होते आणि ती 'नमुना नोट' असल्याचे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते. ती नमुना नोट नव्हती. हा थ्रेड म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे. त्या चुकीने माझ्यासमोर जो प्रश्न उभा केला, त्याचा थोडा इतिहासही येथे सांगतो.

२/ नमुना नोट म्हणजे काय? नवी नोट चलनात येताना बँका, सरकारी खजिने आणि परदेशांतील मध्यवर्ती बँका यांना ती ओळखता यावी लागते. त्यासाठी काही प्रती खास दाखवण्याकरिता छापल्या जातात. कागद तोच, ठसे तेच. परंतु क्रमांकाच्या जागी बहुधा शून्ये, वर ठळक 'स्पेसिमेन' हा शब्द आणि पुष्कळदा सहीवर पाडलेली भोके. सर्व काही खरे, पण बाजारात किंमत शून्य.

३/ मला या नोटांचे वेड लागले ते त्यांवरील चित्रांमुळे. नोटेवरचे प्रत्येक चित्र हा कोणीतरी घेतलेला निर्णय असतो. स्वातंत्र्यानंतर राजाच्या चित्राच्या जागी गांधीजींचे चित्र घ्यावे, असा विचार झाला. तशी रेखाटनेही तयार झाली. अखेरीस निवड झाली ती सारनाथच्या सिंहशीर्षाची. १९४९ सालची एक रुपयाची नोट त्याच चिन्हासह आली.

४/ गांधीजी नोटेवर आले ते १९६९ मध्ये, जन्मशताब्दीच्या निमित्ताने. बसलेले गांधीजी आणि पाठीमागे सेवाग्राम आश्रम. मधली वीस वर्षे ते केवळ कागदावरच्या एका शक्यतेत होते. चलनात आलेली नोट निर्णयाचे फलित दाखवते. रेखाटने, चाचणी-प्रती आणि नमुने आपल्याला त्या निर्णयाच्या जवळ नेतात.

५/ हैदराबादकडे मी वळलो त्याला घरचे कारण होते. आम्ही मराठवाड्याचे. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ मध्ये निजामाच्या संस्थानाने दहा आणि शंभर रुपयांच्या नोटा काढल्या. पुढल्या वर्षी एक आणि पाच रुपयांच्या. चलनाचे नाव उस्मानिया सिक्का. मुख्य मजकूर उर्दूत असला, तरी किंमत मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषांतही होती. नाशिकला नोटांचा छापखाना उभा राहिल्यावर या नोटाही तेथेच छापल्या जाऊ लागल्या.

६/ आमच्याकडे जुनी माणसे या पैशाला 'हाली' म्हणत आणि इंग्रजी मुलखातील रुपयाला 'कलदार'. सात हालीचे सहा कलदार, असा हिशेब आजीला आजही तोंडपाठ आहे. तिच्या वडिलांनी कापूस विकून आणलेली पाच रुपयांची एक हाली नोट तिच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत आहे. पन्नाशीच्या दशकात हाली बाद झाला. ती नोट बदलून घ्यायची राहिली.

७/ त्या नोटेच्या जोडीला एक नमुना असावा, या हौसेने मी एका विक्रेत्याकडून दहा रुपयांची ती नोट घेतली. दोन महिन्यांच्या खाणावळीचे पैसे गेले. नोटेवर जांभळ्या शाईत 'स्पेसिमेन' असा शिक्का होता. क्रमांक शून्यांचा नव्हता, हे मला दिसले होते. परंतु 'अपवाद असेल' असे मीच मला समजावले. पुरावा आणि इच्छा यांच्या भांडणात मी इच्छेचा वकील झालो.

८/ काही महिन्यांनी भिंगाखाली पाहताना लक्षात आले, की जेथे घडीमुळे कागदाचे तंतू उसवले होते, नेमकी तेथेच शिक्क्याची शाई पसरली होती. म्हणजे नोट आधी खिशांतून फिरली, घड्या पडल्या आणि शिक्का नंतर बसला. दाखवण्यासाठीच राखलेली नोट शिक्क्याआधी इतकी झिजेल कशी? कोणीतरी साध्या नोटेला शिक्का मारून तिचा भाव वाढवला होता. गंमत पाहा, खरी नोट खोटी कशी केली? तर तिला 'मूल्यहीन' ठरवून!

९/ खरे-खोटे ठरवते तरी कोण? १९२५ मधील पोर्तुगालचे प्रकरण पाहा. आर्तुर आल्व्हेस रेईस याने बँक ऑफ पोर्तुगालच्या नावाने बनावट करार तयार केला. लंडनच्या वॉटरलो अँड सन्स या छापखान्याने तो खरा मानून वास्को द गामाचे चित्र असलेल्या पाचशे एस्कुदोंच्या नोटा छापून दिल्या. या नोटा अंगोलासाठी असून तेथे त्यांवर वेगळा शिक्का बसेल, अशी बतावणी करण्यात आली होती.

१०/ छापखाना बँकेचाच, ठसे खरे, छपाई निर्दोष. अखेर त्याच वर्षीच्या डिसेंबरात एकाच क्रमांकाच्या दोन-दोन नोटा सापडल्या, तेव्हा बिंग फुटले. लोकांच्या हातातील नोटा वेगळ्या काढणे अवघड, म्हणून बँकेने ती मालिकाच मागे घेतली आणि बदली नोटा दिल्या. १९३२ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने छापखान्याला सहा लाख पौंडांहून अधिक भरपाई द्यायला लावली.

११/ रेईसच्या नोटेत सर्व काही होते, फक्त अधिकार नव्हता. नमुना नोटेतही सर्व काही असते. अधिकार तेवढा मुद्दाम काढून घेतलेला असतो. आजीच्या नोटेला तो एके काळी होता आणि नंतर गेला. नोट आणि नोटेचे चित्र यांत कागद-शाईचा फरक नसतो. पाठीशी उभ्या असलेल्या वचनाचा असतो.

१२/ हे सारे मी आजीला सांगितले. तिने ट्रंक उघडली, पाच रुपयांची नोट तळहातावर ठेवली आणि म्हणाली, "चालंना म्हणून काय खोटी झाली का रे ती?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तिच्या वडिलांनी कापूस दिला होता, हे मात्र कोणत्याही शिक्क्याने पुसले जाणार नव्हते.

१३/ जुना थ्रेड मी काढून टाकलेला नाही. त्याखाली ही दुरुस्ती जोडली आहे. फसवी नोटही ठेवली आहे, वहीच्या पहिल्याच पानात. तुमच्यापैकी कोणी संग्रहाला सुरुवात करत असाल, तर घेण्याआधी क्रमांक पाहा, घड्या पाहा, शाई कशावर बसली आहे ते पाहा. आणि सर्वांत आधी, आपल्याला काय खरे ठरावेसे वाटते आहे, ते पाहा.